‘महिला विशेष’ तपासणी पॅकेज: कधीच गरोदर न राहिलेल्या बाईच्या किती कामाचं?

रक्त घ्यायला येणारा मुलगा सकाळी सातच्या ठोक्याला दारात. जांभळ्या झाकणाची एक नळी, करड्या झाकणाची एक, पिवळ्या झाकणाच्या दोन आणि लघवीची डबी. बारकोड चिकटवता चिकटवता तीन प्रश्न: वय किती, उपाशी आहात ना, औषधं कुठली चालू आहेत. दहा मिनिटांत तो जिना उतरतो आणि संध्याकाळी वीसेक पानांची पीडीएफ फोनवर येऊन पडते. ठीक असेल ते हिरवं, बाकीचं लाल. ‘महिला विशेष’, ‘संपूर्ण स्त्री आरोग्य’, ‘विमेन्स वेलनेस’ अशा नावांनी लॅबा जी पॅकेजं विकतात, त्यांचं हे घरपोच रूप. दुसरं रूप हॉस्पिटलमधलं: अर्धा दिवस, एक फाइल, कॅन्टीनचा नाश्ता फुकट. नाव आणि किंमत बदलते, यादी साधारण तीच राहते.

या सगळ्यात एक प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही: ही बाई कधी गरोदर राहिली होती का? फॉर्मवर ‘विवाहित / अविवाहित’ हा रकाना मात्र हमखास असतो. त्या रकान्याने काहीच कळत नाही. पंचेचाळीस वर्षांची विवाहित बाई कधीच गरोदर राहिलेली नसेल, दुसरीला दिवस राहून गर्भपात झाला असेल, तिसरीला दोन मुलं असतील. वैद्यकीय दृष्टीने या तीन वेगळ्या बायका आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ केसपेपरच्या पहिल्या ओळीतच किती वेळा गर्भ राहिला आणि किती बाळंतपणं झाली हे दोन आकडे लिहून ठेवतात, ते उगाच नव्हे. म्हणून हे परीक्षण एकाच बाजूने केलं आहे. वय पस्तीस ते साठ, कधीही गर्भधारणा नाही. मग ती स्वतःच्या निवडीने असो, लग्न न केल्याने असो, की वर्षानुवर्षं उपचार करूनही असो. अशा बाईने हे पॅकेज घेतलं तर पैशांचं काय होतं?

आधी तिची जोखीम नेमकी कशात वेगळी आहे ते पाहू, म्हणजे यादी तपासता येईल. ही माहिती नवी नाही. स्तनांचा कर्करोग नन्समध्ये जास्त दिसतो हे इटलीतल्या पादुआच्या रामाझ्झिनीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवलं होतं. १८४२ मध्ये रिगोनी-स्टर्नने वेरोना शहराच्या मृत्युनोंदी चाळल्या आणि तेच पुन्हा दाखवलं. सोबत हेही, की गर्भाशयाचा कर्करोग नन्समध्ये उलट फार कमी आहे. त्या काळी ‘गर्भाशयाचा’ म्हणून जो गणला जाई तो बहुतेक गर्भाशयमुखाचा. आपल्याकडे मुंबईत १९६३ साली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तीत पारशी बायकांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण बाकीच्या समाजांपेक्षा ठळक जास्त दिसलं. उशिरा लग्न, अविवाहित राहणाऱ्यांची मोठी संख्या आणि कमी मुलं यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला.

कारणं अवयवागणिक वेगळी आहेत. बीजांडकोशातून दर पाळीला एक बीज बाहेर पडतं, तेव्हा त्याच्या पृष्ठभागाला इजा होते आणि ती भरून येते. वर्षाला तेरा, पस्तीस वर्षं धरली तर साडेचारशेच्या आसपास वेळा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे थांबतं. फथाल्ला या इजिप्शियन डॉक्टरने १९७१ मध्ये मांडलेला हा ‘अखंड बीजोत्सर्गा’चा विचार आज जसाच्या तसा कुणी मानत नाही, कारण यातले बरेचसे कर्करोग बीजनलिकेच्या टोकाशी सुरू होतात हे नंतर कळलं, पण हिशेब मात्र जुळतो. गर्भाशयाच्या अस्तराचं गणित याहून सोपं आहे. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं, आणि गरोदरपणाचे नऊ महिने म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा पूर. तो पूर कधी आलाच नाही, वर पीसीओएसमुळे (बीजांडकोशांच्या हार्मोनच्या विकारामुळे) बीजही वेळेवर सुटत नाही, तर अस्तरावर एकट्या इस्ट्रोजेनचं राज्य चालतं. स्तनांत दूध तयार करणाऱ्या ग्रंथी पहिल्या पूर्ण दिवसांच्या गरोदरपणातच पूर्ण पक्व होतात. पक्व पेशी बिघडायला कमी तयार असतात.

म्हणजे लक्ष ठेवायचे अवयव तीन: स्तन, गर्भाशयाचं अस्तर, बीजांडकोश. किती लक्ष, हेही आकड्यात सांगायला हवं, नाहीतर भीतीचा बाजार सुरू होतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२०च्या अहवालानुसार भारतात ७४व्या वर्षापर्यंत साधारण २९ पैकी एका बाईला स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता असते, म्हणजे शंभरात साडेतीनच्या आत-बाहेर. मूल न झालेल्या बाईत ही शक्यता वीस ते तीस टक्क्यांनी जास्त धरली, तरी शंभरात चार ते साडेचार. ‘तीस टक्के जास्त’ हे ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात शंभर बायकांमागे फरक जेमतेम एकीचा. बीजांडकोशाचा कर्करोग मुळातच याहून कितीतरी दुर्मीळ. पहिल्या बाळंतपणाने त्याची जोखीम साधारण पाव हिश्शाने उतरते, आणि ती उतरण मूल न झालेल्या बाईला मिळत नाही, इतकंच. अस्तराच्या कर्करोगात फरक सापेक्षतः मोठा आहे, पण तिथे वजन आणि पीसीओएस हे दोघे मुलाबाळांच्या प्रश्नापेक्षा जास्त बोलतात. वंध्यत्वावर उपचार घेतलेल्या बायकांत तर गोम हीच असते, की बीज न सुटणं हे मूल न होण्याचंही कारण आणि अस्तर बिघडण्याचंही.

खात्यात जमाही आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जास्त बाळंतपणं झालेल्यांत अधिक. अंग बाहेर येणं, खोकताना लघवी सुटणं, पित्ताशयातले खडे, यांतही मूल न झालेली बाई फायद्यात असते.

आता पॅकेज.

जाहिरातीतला ‘८५ चाचण्या’ हा आकडा आधी सोलून पाहू. जांभळ्या नळीतून होणाऱ्या एका सीबीसीतच (रक्तपेशींच्या मोजणीतच) वीस-चोवीस आकडे निघतात. लिव्हरचे दहा-बारा, चरबीचे आठ-नऊ, लघवीचे पंधरा-वीस. साठच्या आसपास इथेच पोचतो. वर थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, किडनी. यादी वाईट नाही. पण यातली एकही गोष्ट स्तन, अस्तर किंवा बीजांडकोश यांच्याबद्दल काही सांगत नाही, आणि पुरुषांच्या पॅकेजातही नेमक्या याच चाचण्या असतात. ‘महिला’ हा शब्द खरा करायला लॅबा मग दोन-तीन जिन्नस वरून घालतात, आणि गडबड तिथेच होते.

पहिला जिन्नस सीए-१२५. मर्यादा ३५. ही रक्तचाचणी बीजांडकोशाच्या कर्करोगावर उपचार चालू असताना कामाची आहे. धडधाकट बाईत चाळणी (स्क्रीनिंग) म्हणून नाही. ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून जास्त बायकांवर अनेक वर्षं हे तपासून पाहिलं. सीए-१२५ आणि सोनोग्राफी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत, हा निकाल २०२१ मध्ये आला. अमेरिकेतल्या अशाच एका मोठ्या चाचणीत जे आकडे खोटे वर गेले, त्यांतल्या १,०८० बायकांचं ऑपरेशन झालं आणि त्यांतल्या १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. कर्करोग नसताना! मूल न झालेल्या बाईला तर ही चाचणी दुप्पट फसवते, कारण एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाबाहेर वाढणारं अस्तर) आणि फायब्रॉइड (गर्भाशयातल्या कर्करोग नसलेल्या गाठी) या दोन्हींत सीए-१२५ वाढतं आणि हे दोन्ही याच गटात जास्त आढळतात. पाळीच्या दिवसांतही वाढतं. पोटातल्या टीबीत तर शेकड्यांत जातं. रिपोर्टवर ५८ आकडा लाल रंगात उमटतो, रात्रभर गूगल चालतं आणि सकाळी कुणीतरी सीटी स्कॅन लिहून देतं. पॅकेजात सीए-१२५, सीए १५-३, सीईए अशी ‘कॅन्सर मार्कर’ची तिकडी असेल तर ती वगळून मागा. वगळली तर किंमत कमी होत नाही असं सांगतील. तरी वगळा.

दुसरा जिन्नस एएमएच. बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज. मूल हवं असलेल्या, आयव्हीएफच्या वाटेवरच्या बाईला उपयोगी. जिला मूल नको आहे किंवा जिचं वय सत्तेचाळीस आहे तिला हा आकडा काहीही शिकवत नाही, फक्त ०.३ वाचून उगाच उदास करतो. तिसरा: एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल ही पाळीची हार्मोनं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घेतले तर अर्थ लागतो. मुलगा त्याच्या सवडीने मंगळवारी येणार आणि पाळीचा तो एकोणिसावा दिवस असणार, मग आकडे वाचणार कुणाच्या आधारे? शेवटच्या पाळीची तारीख तर फॉर्मवर विचारलेलीच नसते.

नेमकं जे हवं ते मात्र नसतं: फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा. फायब्रॉइडमुळे दर महिन्याला जास्त रक्त जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन १२.१ येतं, रिपोर्ट हिरवा होतो, आणि साठ्यातलं लोह पार तळाला गेलेलं असतं. फेरिटिन १५च्या खाली म्हणजे साठा संपला. याचा दुसरा फटका बसतो साखरेच्या आकड्याला. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, तांबड्या पेशींवर मोजतात. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वर सरकतो, आणि नुकताच भरपूर रक्तस्राव झाला असेल तर खोटा खाली. ५.९ बघून ‘प्रीडायबेटिक’ असं शिक्कामोर्तब करण्याआधी उपाशीपोटीची साखर जोडीला बघावी. करड्या झाकणाची नळी त्याचसाठी.

घरपोच प्रकाराची सर्वात मोठी उणीव याहून साधी आहे. तो मुलगा रक्तदाब मोजत नाही. कंबर मोजत नाही, वजन करत नाही. बायकांच्या मृत्यूचं पहिलं कारण हृदय आणि रक्तवाहिन्या. आणि या बाबतीत मूल न झालेल्या बाईची एक खास अडचण आहे, जी डॉक्टरांच्याही पटकन लक्षात येत नाही. गरोदरपण ही शरीराची एक आगाऊ परीक्षा असते. त्यात रक्तदाब वाढला तर पुढे हृदयविकाराची जोखीम साधारण दुप्पट. त्यात साखर वाढली तर पुढे मधुमेहाची शक्यता सात ते दहा पट. ज्या बाईने ही परीक्षा दिलेलीच नाही तिच्या कागदावर तो इशाराही नसतो. कोरा रकाना म्हणजे ‘धोका नाही’ असं वाचलं जातं. खरं तर तो ‘माहीत नाही’ असा असतो. तेव्हा तिने चाळिशीआधीच रक्तदाब वर्षाला एकदा, साखर आणि चरबी दोन-तीन वर्षांनी, कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत आहे का हे टेप लावून, आणि लायपोप्रोटीन-ए ही (रक्तातल्या एका वंशागत चरबीची) चाचणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. पॅकेजातल्या ‘कार्डिअ‍ॅक रिस्क’ नावाच्या पानावर ही शेवटची असेल तर त्या पानाला पूर्ण गुण.

घरपोच पॅकेजाला पाचांपैकी दोन. सर्वसाधारण तपासणी म्हणून ठीक, ‘महिला विशेष’ म्हणून नाही.

हॉस्पिटलचं अर्ध्या दिवसाचं पॅकेज महाग, पण त्यात हात लावून तपासणारं कुणीतरी असतं. छातीचा एक्सरे, ईसीजी, ट्रेडमिल हा भाग पटकन उरकून टाकावा; काही त्रास नसलेल्या बाईला त्यातून फारसं काही मिळत नाही. खरी किंमत चार ठिकाणी वसूल होते: मॅमोग्राफी, ओटीपोटाची सोनोग्राफी, पॅप किंवा एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीच्या तपासण्या), आणि शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांसोबतची दहा मिनिटं.

मॅमोग्राफी. दोन्ही स्तनांची दोन-दोन कोनांतून, म्हणजे एकूण चार चित्रं. पाळी चालू असेल तर पाळीच्या पाचव्या ते बाराव्या दिवसांत तारीख घ्यावी; त्या दिवसांत स्तन कमी दुखरे असतात आणि दाबणं सुसह्य होतं. त्या सकाळी काखेत डिओ, पावडर काही लावू नये. त्यातले कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि मग पुन्हा बोलावणं येतं. वरून सलवार-कुडता किंवा शर्ट घालावा, साडी किंवा एकसंध ड्रेसने वेळ जातो. मूल न झालेल्या बायकांचे स्तन चित्रात जास्त ‘दाट’ असतात, आणि दाट भाग पांढरा, गाठही पांढरी. धुक्यात पांढरी गाय शोधण्यासारखं. म्हणून रिपोर्टमध्ये दोन गोष्टी लिहिल्यात का ते बघावं. एक, दाटपणाचं अक्षर ए ते डी. दोन, बायरॅड्सचा आकडा, म्हणजे चित्रात कर्करोगाचा संशय किती ते. अक्षर सी किंवा डी असेल तर जोडीला स्तनांची सोनोग्राफी करून घ्यावी. जोडीला, बदल्यात नव्हे. काही पॅकेजं चाळिशीनंतरही नुसती ‘सोनोमॅमोग्राफी’, म्हणजे स्तनांची सोनोग्राफीच, देऊन मोकळी होतात. कॅल्शियमचे बारीक ठिपके सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत, आणि सर्वात लवकरचा कर्करोग अनेकदा त्याच रूपात असतो. बायरॅड्स शून्य याचा अर्थ ‘काही नाही’ असा नसून ‘चित्र अपुरं, आणखी फोटो हवेत’ असा आहे. तीन म्हणजे कर्करोग असण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ‘रेडिएशनशिवाय, न दाबता’ म्हणून जी थर्मोग्राफी (स्तनांच्या उष्णतेचं चित्र) काही ठिकाणी विकतात, तिच्या वाटेला जाऊ नये.

हाताने तपासणीही सोडू नका. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं हेच तपासलं. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. २०२१च्या निकालात पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी निघाले. पन्नाशीच्या आत तेवढा फरक दिसला नाही. पॅकेजच्या यादीत या तपासणीला वेगळी किंमत नसते म्हणून ती गाळली जाते. मागून घ्यावी लागते.

सोनोग्राफीच्या खोलीत चुका वेळापत्रकाच्या असतात. पोटावरून करायची तर लघवी तुंबलेली हवी: तासभर आधी साधारण एक लिटर पाणी. पण उपाशी रक्त, मग नाश्ता, मग दोन तासांनी पुन्हा साखर, अशा साखळीत हे बसवताना काउंटरवर गोंधळ होतो आणि रिकाम्या मूत्राशयाची सोनोग्राफी उरकली जाते. रिपोर्टात ‘बीजांडकोश नीट दिसले नाहीत’ अशी ओळ असेल तर कारण बहुतेक हेच. योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी कधीही जास्त स्पष्ट, पण ती संमतीनेच. ज्यांनी कधी शरीरसंबंध ठेवलेला नाही त्यांना पोटावरूनच. इथे पुन्हा ‘विवाहित का?’ असं विचारून निर्णय घेतला जातो. प्रश्न नीट विचारला गेला नाही तरी उत्तर नीट द्यावं. तिथे दडवण्यासारखं काही नाही.

रिपोर्टातला अस्तराच्या जाडीचा आकडा सर्वात जास्त घाबरवतो. पाळी चालू असताना तो दिवसागणिक बदलतो. पाळीनंतर लगेच तीन-चार मिलिमीटर, बाविसाव्या दिवशी बारा-चौदा, दोन्ही नॉर्मल. ‘४ मिलिमीटरपेक्षा जास्त म्हणजे तपासा’ हा नियम फक्त पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं तर लागू होतो. तेव्हा शेवटच्या पाळीची तारीख स्वतः सांगून रिपोर्टवर लिहून घ्यावी, आणि शक्य तर पाळी संपल्या संपल्याची तारीख घ्यावी.

अस्तराचा कर्करोग चाळणीत सापडत नाही, तो लक्षणाने सापडतो, आणि लक्षण बहुतेक वेळा एकच: अवेळी रक्त. पाळी जाऊन वर्ष झालं आणि एकदाच, अगदी चड्डीला डाग पडण्याइतकं दिसलं, तरी डॉक्टर. पंचेचाळिशीनंतर पाळी बेभरवशाची किंवा अतोनात झाली, तरी ‘वयाचं आहे, चालायचंच’ म्हणून अंगावर काढू नये. दवाखान्यातच बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेतात, भूल लागत नाही, मिनिटभर कळ येते. मूल न झालेल्या बाईचं गर्भाशयमुख अरुंद असल्याने ती कळ जरा जास्त असते. तासभर आधी दुखण्याची गोळी घ्यायची का ते विचारून ठेवावं. पीसीओएस असेल आणि पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर पंचेचाळिशीपर्यंत थांबायचं नाही. वर्षाला निदान चार वेळा अस्तर उतरलं पाहिजे, नाहीतर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडणारी) तांबी. मूल झालेलं नसेल तर तांबी बसत नाही हा समज खोटा आहे. बसते, बसवताना दुखतं इतकंच.

पॅपसाठी एकच सूचना: लहान, अरुंद स्पेक्युलम (तपासताना योनीमार्ग उघडा धरणारं साधन) मागावं. नर्सला माहीत असतं, सांगितल्याशिवाय काढत नाहीत. शरीरसंबंध कधीच आलेला नसेल तर ही चाचणी वगळली तरी चालते. आला असेल तर लग्न झालंय का, मुलं किती, याचा काही संबंध नाही. तिशीनंतर एचपीव्ही चाचणी. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १ लाख ३१ हजार बायकांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. तो निकाल २००९चा. शहरातली पॅकेजं अजूनही पॅपवर अडून आहेत.

हाडांची घनता मोजणारा डेक्सा काही महागड्या पॅकेजात असतो. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात मूल न झालेल्यांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण ४४ टक्के जास्त दिसलं, आणि तेही हाडांची घनता सारखी असताना. तरी पन्नाशीच्या आधी काही कारण नसताना डेक्सा करून उपयोग नाही. टाचेवर ठेवून करतात तो फुकट शिबिरातला ‘बोन टेस्ट’ म्हणजे डेक्सा नव्हे.

आणि ती शेवटची दहा मिनिटं. इथे डॉक्टर फाइल चाळून ‘सगळं नॉर्मल’ म्हणतात आणि पुढचं नाव पुकारलं जातं. त्या आधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. घरात आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला स्तनांचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग होता का, किती वयात, हे कागदावर लिहून न्यावं. वडिलांकडची माणसं हटकून विसरली जातात. बीआरसीए जनुकातला बिघाड, ज्याने या दोन्ही कर्करोगांची जोखीम खूप वाढते, वडिलांकडूनही येतो. गर्भनिरोधक गोळ्या किती वर्षं घेतल्या तेही सांगावं, कारण हा हिशेब मूल न झालेल्या बाईच्या बाजूने झुकतो: पाच वर्षं घेतल्या तर बीजांडकोशाच्या कर्करोगाची जोखीम सुमारे वीस टक्क्यांनी उतरते, पंधरा वर्षांनी जवळपास निम्मी, आणि गोळ्या थांबवल्यावरही फायदा बरीच वर्षं टिकतो. नुसत्या एवढ्यासाठी कुणी गोळ्या सुरू कराव्यात असं नाही. स्तनांची जोखीम त्या घेत असताना किंचित वाढते, आणि पस्तिशीनंतर सिगारेट ओढणारीला त्या वर्ज्यच. फायब्रॉइडसाठी गर्भपिशवी काढायची वेळ आलीच तर बीजनलिकाही सोबत काढायच्या का हे विचारावं. बीजांडकोश मात्र पाळी जाण्याआधी कारणाशिवाय काढू देऊ नयेत, हृदय आणि हाडं दोन्ही त्याची किंमत मोजतात. आणि एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यावर कुणी ‘एक मूल होऊ दे, आपोआप थांबेल’ असं सांगत असेल, मग ती काकू असो की डॉक्टर, तर ते औषध नाही. गरोदरपणात दुखणं दबतं, पाळी सुरू झाली की बऱ्याच जणींना परत येतं.

ज्यांना स्तनांच्या कर्करोगाच्या स्वतःच्या जोखमीचा आकडा बघायचाच आहे त्यांच्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साइटवर गेल मॉडेलचं फुकट गणकयंत्र आहे. वय ३५च्या पुढे हवं. पाळी कितव्या वर्षी आली, पहिलं मूल कितव्या वर्षी, आई-बहीण-मुलगी यांपैकी किती जणींना स्तनांचा कर्करोग, बायोप्सी झाली होती का, असे मोजके प्रश्न. पहिल्या मुलाच्या प्रश्नाला ‘मूल नाही’ हा पर्याय आहे, आणि गंमत त्या पर्यायाच्या आतल्या हिशेबात आहे. घरात कुणाला कर्करोग नसेल तर विशीआधी मूल झालेल्या बाईला हे मॉडेल १ धरतं, विशी ते चोवीसला १.२४, पंचवीस ते एकोणतीसला १.५५, आणि तिशीनंतर पहिलं मूल झालेल्या बाईला १.९३. मूल न झालेली बाई कुठे? पंचवीस ते एकोणतीसच्या खान्यात, १.५५ वर. म्हणजे बत्तिसाव्या वर्षी पहिलं मूल झालेल्या मैत्रिणीपेक्षा तिचा आकडा कमी येतो. याला कारण आहे: बाळंतपणानंतर काही वर्षं स्तनांची जोखीम तात्पुरती वाढते, आणि उशिरा बाळंतपण झालं तर ती वाढ जास्त जाणवते. ‘वेळेत मूल होऊ दे, नाहीतर कॅन्सर’ हे वाक्य ऐकवणाऱ्यांना हा खाना दाखवावा. पाच वर्षांची जोखीम १.६७ टक्के किंवा जास्त आली तर तिकडचे डॉक्टर प्रतिबंधक औषधाची चर्चा सुरू करतात. यंत्रातले मूळ दर अमेरिकेतले आहेत, त्यामुळे सांगलीत किंवा गोव्यातल्या साखळीत राहणाऱ्या बाईला आकडा फुगलेलाच दिसणार. बीआरसीएचा बिघाड असलेल्यांनी किंवा आधी कर्करोग होऊन गेलेल्यांनी ते वापरू नये.

पैशांची अडचण असेल तर आणखी एक पर्याय आहे, आणि तो फुकट आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक (आजारांची जोखीम पाहण्याचा सरकारी) फॉर्म भरतात, त्यात स्तनात गाठ आहे का, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, पाळी गेल्यावर जातं का, संबंधानंतर जातं का, हे सगळे प्रश्न छापलेले आहेत. कंबरेचा घेरही आहे. पुढे आरोग्य मंदिरात रक्तदाब, साखर, स्तनांची हाताने तपासणी आणि गर्भाशयमुखाची व्हिनेगरसारख्या आम्लाने तपासणी. गरोदरपणाबद्दल तोही फॉर्म गप्पच आहे, मॅमोग्राफीही तिथे नाही. पण अवेळी रक्त जातं का, हा जो प्रश्न वीस पानांच्या पीडीएफला सुचला नाही, तो या कागदावर आहे. हॉस्पिटलच्या पॅकेजाला साडेतीन गुण, आणि वेगळी मॅमोग्राफी जोडली तर या कागदालाही साडेतीन.

पॅकेज जिथे घ्याल तिथून निघताना मॅमोग्राफीची सीडी मागून घ्या. फोनवर पाठवलेला फोटो पुढच्या वेळी तुलनेला चालत नाही, आणि दोन वर्षांनी रेडिओलॉजिस्ट पहिला प्रश्न विचारतात तो जुन्या चित्रांचाच. सीडी, दाटपणाचं अक्षर लिहिलेला रिपोर्ट आणि शेवटच्या पाळीची तारीख एकाच पाकिटात ठेवा. फ्रिजवर नको, उन्हात नको.